पाणी थांबेल तिथे रेघ

सांगलीत वाढलेल्या माणसाला उंची फुटांत कळते, आणि तीही कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेली. पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस कसा आहे असं फारसं कुणी विचारत नाही. "किती झालं?" एवढंच विचारतात आणि उत्तर येतं, "३८." कसले ३८ ते सांगावं लागत नाही. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला ५५ च्या आसपास. हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ आहेत. प्रत्येक घराचा एक आकडा असतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इथल्या लोकांचा आकडा लहान, गावभागात तो थोडा मोठा, विश्रामबागेकडच्यांना आकड्याचं फारसं देणंघेणं नाही. सोयरीक जुळवताना नसेल, पण घर भाड्याने घेताना हा आकडा नक्की विचारला जातो.

माझ्या आजीचं मोजमाप फुटांत नव्हतं. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार झालं की ती तळातले धान्याचे डबे माळ्यावर चढवायला लावायची. कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढत चढत मंदिराच्या गाभाऱ्यात उत्तरेकडून शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. लोक त्या पाण्यात स्नानाला गर्दी करतात, आणि ते पुण्यकर्मच आहे, पण त्याच वेळी ती एक नेमकी पातळीही आहे. दगडी उंबरा हलत नाही. पाणी त्याला लागलं की वरच्या अंगाला सांगलीत काय होणार याचा अंदाज बांधता येतो. आजीला नकाशा वाचता येत नव्हता, पण नदीकाठच्या कुणाचं घर कुणाच्या घरापेक्षा हातभर खाली आहे हे ती अंधारातही सांगू शकली असती.

नोकरीसाठी पुण्यात आलो, डोंगर भटकायचा नाद लागला आणि त्यातून भारतीय सर्वेक्षण विभागाचे टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारे नकाशे, हातात आले. एक काळ असा होता की समुद्रकिनाऱ्यालगतच्या रुंद पट्ट्याचे नकाशे 'प्रतिबंधित' असायचे. म्हणजे सह्याद्रीत भटकणाऱ्याला ज्यांची खरी गरज, तेच मिळायचे नाहीत. कुणाकडे तरी जुनी, चौथ्या पिढीची झेरॉक्स असायची, तिच्यात उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेघा आणि काळे ओढे एकाच करड्या गाळात मिसळलेले. २०१७ पासून बरेच नकाशे घरबसल्या उतरवून घेता येतात, आणि तरीही ट्रेकला निघालेल्या दहा जणांत एकाच्याही मोबाइलमध्ये ते सापडत नाहीत. असो.

सगळ्यात आधी मी सांगलीचाच नकाशा काढला. जुन्या क्रमांकाप्रमाणे ४७ एल/९. कृष्णा निळी, तिची वळणं सुरेख, शेतं पिवळी, रस्ते लाल. तपकिरी रेघांचा मात्र जवळपास दुष्काळ. या नकाशांचं प्रमाण १:५०,००० असतं, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. लगतच्या दोन तपकिरी रेघांमध्ये २० मीटर उंचीचं अंतर. २० मीटर म्हणजे ६५ फूट. इशाऱ्याच्या ४० फुटांपासून २०१९ च्या ५७ फुटांपर्यंतचा आमचा सगळा आकांत, होड्या, गच्चीवरची रात्र, वाहून गेलेली जनावरं, हे सगळं जेमतेम पाच मीटरांत घडलं होतं. दोन रेघांच्या मधल्या कोऱ्या कागदात ते तीन-चार वेळा मावलं असतं.

सपाट प्रदेशात पाच मीटर म्हणजे काय चीज असते, हे दोन राज्यांच्या भांडणावरूनही कळतं. कृष्णेवरच्याच, पण खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची आताची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर. कर्नाटकला ती ५२४.२५६ पर्यंत न्यायची आहे. सांगलीत चहाच्या टपरीवरही ५१९ आणि ५२४ हे आकडे एकक न लावता बोलले जातात. आमच्या पुरात अलमट्टीचा वाटा किती, यावर तज्ज्ञांमध्येच एकमत नाही, मी त्यात पडत नाही. पण महाबळेश्वरला १३०० मीटरच्या वर उगम पावलेली कृष्णा वाईपर्यंत येतानाच सातशेच्या आसपास उतरते आणि मग वाईपासून सांगलीपर्यंतच्या लांबलचक वाटेत उरलेले दीड-पावणेदोनशे मीटर रमतगमत खर्च करते. अशा नदीत खालच्या बाजूला कुणी पाच मीटर उंच भिंत धरणार म्हटलं की वरच्या माणसाला झोप लागणार नाही. तो कितीही अहवाल वाचो.

तपकिरी रेघ म्हणजे समोच्च रेषा. ट्रेकर तिला कंटूर म्हणतात. शाळेत ती बटाटा कापून शिकवतात. बटाट्याच्या आडव्या चकत्या करायच्या, एकेक चकती कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची, की झाला डोंगराचा नकाशा. प्रयोग चांगला आहे, फक्त डोंगर कापायला सुरी कुठून आणायची याचं उत्तर त्यात नाही. ते उत्तर मे महिन्यात कोयनेच्या शिवसागराच्या काठाला जाऊन बघावं. पाणी उतरत गेलेलं असतं आणि जिथे जिथे ते काही दिवस थांबलं, तिथे तिथे मातीवर आडवा पट्टा उमटलेला असतो. एका खाली एक, असे अनेक. ओढ्याच्या तोंडाशी पट्टा आत वळतो, सोंडेपाशी बाहेर येतो, पण वरखाली कुठेच होत नाही. थांबलेलं पाणी जमिनीला जिथे टेकतं, ती समोच्च रेषा. एवढं एकदा डोक्यात बसलं की नकाशावरच्या रेघा पाठ कराव्या लागत नाहीत. दोन रेघा एकमेकींना का छेदत नाहीत, ओढे रेघांना काटकोनातच का कापतात, हे आपोआप सुटत जातं.

या रेघांचा जन्मही पाण्याखालीच झाला आहे. १५८४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका मोजणीदाराने स्पार्न नदीच्या नकाशावर सारख्या खोलीच्या जागा जोडल्या. जहाजाचा तळ कुठे घासेल एवढाच प्रश्न होता. जमिनीवर ही युक्ती यायला जवळपास दोनशे वर्षं लागली, आणि आली तीही पृथ्वीचं वजन करायच्या भानगडीत. १७७४ साली नेव्हिल मास्केलाइन हा खगोलशास्त्रज्ञ स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरापाशी ओळंबा टांगून बसला. डोंगर ओळंब्याला स्वतःकडे किती ओढतो हे मोजलं की डोंगराच्या वस्तुमानावरून पृथ्वीची घनता काढता येईल, असा हिशेब. त्यासाठी डोंगराचं घनफळ हवं. मोजणीचे शेकडो आकडे कागदावर विखुरलेले, त्यातून आकार काही दिसेना. तेव्हा चार्ल्स हटन या गणितज्ञाने सारख्या उंचीचे आकडे रेघेने जोडले आणि कागदातून डोंगर वर आला. मला या गोष्टीत आवडतं ते हे, की हटनला डोंगर दाखवायचा नव्हताच. त्याला बेरीज करायची होती.

सांगलीच्या कोऱ्या कागदानंतर सह्याद्रीचा नकाशा उघडला की डोळे दुखतात. घाटमाथ्यावर रेघा ऐसपैस, खाली कोकणात पुन्हा ऐसपैस, आणि मधल्या उभ्या पट्टीत नुसता तपकिरी गुंता. दर पाचवी रेघ, म्हणजे शंभर-शंभर मीटरची, जाड असते. तिला धरूनच वाट काढावी लागते. माझा एक साधा हिशेब आहे. दोन रेघांत एक मिलिमीटर अंतर असेल तर ५० मीटर पुढे जाताना २० मीटर चढ, धाप लागेल पण चालता येईल. अंतर अर्धा मिलिमीटर असेल तर २५ मीटरला २० मीटर, तिथे हात टेकतात. त्याहून कमी असेल तर वाट विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

रेघांची टोकं बघायची. टोक चढाकडे वळलं असेल तर ती घळ किंवा नाळ, उताराकडे वळलं असेल तर सोंड. सह्याद्रीतल्या वाटा या दोनांतलीच एक निवडतात. नाळेतली वाट जवळची, सावलीची, दगडधोंड्यांची, आणि पावसात तिच्यावर आपल्याआधी पाण्याचा हक्क. सोंडेवरची वाट लांबची, उन्हाची, पण वाऱ्याची आणि बिनघोर. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. या नकाशांत बारमाही पाणी निळं आणि कोरडे पडणारे ओढे काळे असतात. सह्याद्रीच्या पानावर काळ्या रेघांचं जाळंच्या जाळं असतं. हिवाळ्यात बरोबर आहे. जुलैत मात्र त्यातली एकेक काळी रेघ फेसाळत असते आणि छातीएवढ्या पाण्याला नकाशाने 'कोरडा ओढा' म्हटलेलं असतं. हे नकाशे कोरड्या ऋतूत वाचायचे आहेत.

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला बेलपाड्यातून नळीच्या वाटेने वर चढायचं होतं, तेव्हा बरोबर गावातले एक बाबा होते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत हजार मीटरहून जास्त चढ, म्हणजे कागदावर काही सेंटिमीटरांत पन्नासेक रेघा. मी त्यांच्यापुढे नकाशा पसरला. त्यांनी तो दोन-तीनदा फिरवून बघितला, नळीवर नख ठेवलं आणि विचारलं, "यात कातळटप्पे कुठं हायेत?" नव्हते. २० मीटरच्या अंतराने रेघा काढल्यावर १५ मीटरचा सरळ कातळ दोन रेघांच्या मध्ये गुपचूप बसू शकतो. वरच्या रेघेला त्याचा पत्ता नाही, खालच्या रेघेलाही नाही. ज्या टप्प्याला दोर लागतो, पाय घसरला तर माणूस जातो, तो कागदावर फक्त थोडासा कोरा असतो. सह्याद्री तर अशा टप्प्यांनीच बनलेला. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हा थरावर थर वाहत गेला, त्यातले टणक थर कडे होऊन उभे राहिले, मऊ थर झिजून गवताळ पदर झाले. कडा, पदर, कडा, पदर. बाबांच्या डोक्यात तो सगळा जिना पायरीवार होता.

आणि त्याच गडाच्या कोकणकड्याचं तर या रेघांना चित्रच काढता येत नाही. कडा नुसता उभा असता तर रेघा एकमेकींवर चढल्या असत्या, निभावलं असतं. पण तो आत गेलेला आहे, वरची कड पुढे आणि पोट मागे. म्हणजे कडेच्या खालच्या एकाच जागेला एकाहून जास्त उंची आहेत, आणि समोच्च रेषांचा सगळा संसार एका जागेला एकच उंची या अटीवर उभा आहे. रतनगडाच्या नेढ्याचंही तेच. आरपार भोक, वर छप्पर, खाली जमीन. नकाशाला त्यातलं फक्त छप्पर कळतं.

मोबाइल ॲपमध्ये दिसणाऱ्या कंटूरबद्दल तर जास्तच जपून बोलावं लागतं. त्यातले पुष्कळसे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अमेरिकी अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने केलेल्या मोजणीवरून काढलेले असतात. कामगिरी अफाट आहे. पण त्यात साधारण ३० मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला एक उंची मिळते. कडा, त्याची कड आणि पायथा असे तिन्ही एका चौकोनात आले तर तिघांचं मिळून एक सरासरी उत्तर येतं, आणि कड्याच्या जागी गुळगुळीत उतार दिसतो. जुन्या टोपोशीटचं दुखणं वेगळं. ते सर्वेक्षण खात्याच्या एव्हरेस्टसाहेबाने १८३० मध्ये ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बसवलेले आहेत आणि जीपीएस दुसऱ्या आकारावर चालतं. दोघांचे अक्षांश-रेखांश न जुळवता वापरले तर आपल्याकडे जागा शंभरेक मीटर सरकते. मैदानात काय, चालून जाईल. कड्याच्या काठावर धुक्यात असाल तर बघा.

मग हा शून्य कुठला, ज्यापासून सगळ्या रेघा मोजल्या? रेल्वेच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची बारीक अक्षरांत लिहिलेली असते. लहानपणी मला वाटायचं, स्टेशनमास्तर रोज मोजत असतील. खरी मोजदाद अशी, की मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवणारं यंत्र होतं, तसंच कराची, कारवार, मद्रास वगैरे मिळून नऊ बंदरांवर. वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी काढून समुद्राची मध्यम पातळी ठरली, ती शून्य. तिथून दुर्बीण आणि पट्टी घेऊन माणसं एकेका टप्प्याने उंची पुढे नेत देशभर चालत गेली. १९०९ मध्ये तो हिशेब पक्का झाला आणि आपल्या टोपोशीटांनी शून्य मानला तो तिथूनच. म्हणजे कळसूबाईच्या १६४६ मीटरांत आणि सांगली स्टेशनच्या पाटीत कुठेतरी अपोलो बंदराच्या भिंतीवर आपटणाऱ्या लाटा आहेत.

गंमत म्हणजे ही समुद्रसपाटी सपाट नाही. पृथ्वीच्या पोटात वस्तुमान सारखं पसरलेलं नसल्याने गुरुत्व कुठे कमी, कुठे जास्त, आणि समुद्र त्याप्रमाणे फुगतो किंवा खचतो. पृथ्वीचा गणिती गुळगुळीत आकार धरला तर त्याच्या खाली समुद्र सगळ्यात जास्त खचला आहे तो श्रीलंकेच्या दक्षिणेला, शंभर मीटरहून जास्त. त्या खड्ड्याचा उतार आपल्यापर्यंत पोचतो. जीपीएसची कच्ची, न सुधारलेली उंची जुहूच्या वाळूत उभं राहून बघितली तर ती उणे साठच्याही खाली दाखवते. यंत्र बिघडलेलं नसतं. ते गणिताच्या पृथ्वीवरून मोजत असतं आणि आपण पाण्याच्या पृथ्वीवर उभे असतो. तसं बघितलं तर हे सगळे चढउतार किरकोळच. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर एव्हरेस्ट खऱ्या प्रमाणात काढला तर ०.२ मिलिमीटर भरेल, कळसूबाई वरच्या रंगात बुडून जाईल. बाजारात मिळणारे उंचसखल गोल मुलांना चुकीचंच काहीतरी शिकवतात असं माझं मत आहे.

सांगली जिल्ह्याचा पश्चिम भाग पुरात जातो आणि पूर्व भाग, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, टँकरची वाट बघतो. तिकडे समोच्च रेषा कागदावर नाही, जमिनीवर आहे. म्हैसाळ किंवा टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर उचललं जातं आणि मग कालव्यात सोडलं जातं. कालवा डोंगराच्या पोटाला चिकटून वेडीवाकडी वळणं घेत जातो, कारण त्याला उंची जपून वापरायची असते. किलोमीटरभर जाताना तो फार थोडा उतरतो. म्हणजे तो जवळजवळ समोच्च रेषाच, डोळ्यांना दिसणारी. तिच्या खालच्या अंगाला ऊस आणि द्राक्षं, वरच्या अंगाला कुसळं. एकाच भावकीतले दोन तुकडे, एक कालव्याच्या खाली म्हणून 'लाभक्षेत्रात', दुसरा वर म्हणून नाही. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, उंची नसते. गाव नकाशातही नसते. पण त्या भागात जमिनीचा भाव आज उंचीवर ठरतो.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपने, जो २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाला, एक मोठं काम केलं ज्याची चर्चा कमी होते. त्यातून हजारो माणसं समोच्च रेषा काढायला शिकली. सीसीटी, म्हणजे सलग समतल चर, डोंगरउतारावर खणायचे तर आधी रेघ हवी. त्यासाठी हायड्रोमार्कर वापरतात. दोन उभ्या पट्ट्या, त्यांवर आकडे, दोन्हींना जोडणारी पारदर्शक नळी, आत पाणी. एकाने पट्टी धरून उभं राहायचं, दुसऱ्याने पुढे जाऊन वरखाली सरकत राहायचं. दोन्हीकडे पाणी सारख्या आकड्यावर आलं की तिथे फक्कीचा ठिपका. पुन्हा पुढे. ठिपके जोडले की उतारावर पांढरी रेघ उमटते, आणि ती सरळ नसते, हे बघून पहिल्यांदा सगळेच चकित होतात. रेघ चुकली तर पाणी चराच्या खोल टोकाला धावतं, बांध फोडतं आणि ओघळ पाडून जातं. म्हणून तिथे अंदाजाने काम चालत नाही. सरपंच बाई, बारावीतली पोरं, निवृत्त फौजी, असे सगळे ती नळी घेऊन उन्हात डोंगराला आडवे चालत होते.

कवठेमहांकाळकडे माझा मामेभाऊ शेती करतो. त्यानेही ती नळी तेव्हापासून जपून ठेवली आहे. गेल्या उन्हाळ्यात शेताजवळून पोटकालवा जाणार अशी चर्चा सुरू झाली, खुंट्या ठोकल्या गेल्या, पण शेतातल्या किती भागाला कालव्याचं पाणी मिळेल हे कुणी सांगेना. त्याने मला फोन केला, "दादा, तुमच्याकडं उंचीचे नकाशे असत्यात न्हवं? घेऊन या." मी घेऊन गेलो. त्याच्या शेतातून एकही तपकिरी रेघ जात नव्हती. एक शेजारच्या टेकाडावर, दुसरी खाली ओढ्याच्या पलीकडे. मी त्याला ते सांगायला लागलो तर तो आत जाऊन नळी घेऊन आला. "नकाशा ऱ्हाऊ द्या. ही पट्टी धरा खुंटीजवळ, हलू नका."

जेवणवेळेपर्यंत त्याच्या शेतातून फक्कीच्या ठिपक्यांची एक वाकडी ओळ गेली होती. खालच्या निम्म्याहून थोड्या जास्त रानाला कालव्याचं पाणी मिळतं. तिथे द्राक्ष लावायची की ऊस, यावर त्याचं आणि वहिनींचं तिथेच बांधावर वाजलं. वरच्या तुकड्यात शाळूच.